न भाजलेले चार वाफे

कोंडाणे लेण्यांकडे जाणारी पायवाट गाव सोडते, तिथे उजव्या हाताला बुधाजी बडेकरांचं शेत आहे. फार मोठं नाही. ओढ्याच्या अंगाने उतरत गेलेली भाताची सहा खाचरं, आणि त्यांच्या माथ्यावर रोपं वाढवायची एक आडवी पट्टी. त्या पट्टीत आठ वाफे, ओळीने, एकाच उतारावर, एकाच मातीचे.

चैत्रात आमच्या मुलखाचा वासच बदलतो. राब भाजायचे दिवस येतात. वाफ्यावर खाली शेण, त्यावर ऐन-किंजळाच्या पानासकट तोडलेल्या फांद्या, वर पेंढा आणि सगळ्यावर बारीक माती, असा थर रचून सकाळच्या पडल्या वाऱ्यात तो पेटवतात. ज्वाळा वर येऊ द्यायची नाही. आतल्या आत धुमसू द्यायचं. दुपारपर्यंत वाफा काळा होतो, आणि त्या राखेत बी टाकलं की रोप गर्द हिरवं उठतं, तणाला जागा राहत नाही. असं काम कागदावर शिकता येत नाही. धुराचा रंग पाहून आमची माणसं माती भाजली की करपली ते सांगतात.

बुधाजीची धाकटी लेक समिधा, हिने याच राखेवर पीएच.डी. केली. आगीने मातीतले जिवाणू मरतात, मग त्यातले कोण परत येतात, किती दिवसांनी येतात, आणि त्यांतला कोण रोपाच्या मुळाला हात देतो, हा तिचा विषय. त्यासाठी आठांतले चार वाफे दर वर्षी भाजायचे आणि चार तसेच कोरे ठेवायचे. न भाजलेलं समोर असल्याशिवाय भाजलेल्याबद्दल काही बोलता येत नाही, एवढं साधं त्यामागचं शास्त्र. कोऱ्या वाफ्यांच्या कोपऱ्यांना तिने चुन्याने रंगवलेल्या बांबूच्या खुंट्या ठोकल्या होत्या, आणि प्रत्येक खुंटीवर आकडा.

गावाला हे बघवत नसे. बांधापलीकडचं शेत बुधाजीच्या चुलतभावाचं, सहदेवचं. तो येता-जाता टोकायचा.

“बुधाजी, पोरीनं तुझं अर्ध रान आजारी पाडलंय. त्या रोपांचा रंग बघ, कावीळ झाल्यावानी.”

“असू दे रं,” बुधाजी म्हणायचा. “तिचं काम हाय ते. कोणी हात लावू नका.”

आणि प्रयोगाच्या दोन्ही साली तो कोऱ्या वाफ्यांतलं तण उकिडवा बसून हाताने उपटत राहिला. कमी रोपांत लावणी उरकली. लेकीला एकदाही म्हणाला नाही की पुरे झालं.

पीएच.डी. झाली तेव्हा समिधा चौतीस वर्षांची होत आली होती. खोपोलीच्या एका महाविद्यालयात ती तासिका तत्त्वावर शिकवायची. म्हणजे तास घेतला तर पगार, सुट्टी लागली की घरी. तिला पुढचं संशोधन करायचं होतं. त्यासाठी एखाद्या विद्यापीठात पोस्टडॉकची जागा शोधायला ती लागली.

“डाक्टर झालीस ना गं?” सहदेवने विचारलं. “मंग आता परत काय?”

“आता एखाद्या मोठ्या प्राध्यापकाच्या हाताखाली दोन-तीन वर्षं संशोधन करायचं, काका.”

“म्हंजे डायवर झाल्यावर परत किलिंडर?”

त्याची बायको सुंदरा पदर तोंडाला लावून हसली. समिधाही हसली. पण त्या वर्षात तिचं हसणं कमी कमी होत गेलं.

तिने एकसष्ट प्राध्यापकांना पत्रं लिहिली. एकाच मजकुराची नाही. प्रत्येकाचं काम वाचून, त्यात आपली राख कुठे बसते ते शोधून, वेगळं पत्र. खोपोलीहून परतताना गाडीत ती मजकूर तपासायची आणि पळसदरीला फोनला दम येई तेव्हा पाठवायची. कोंडाण्यात रेंज धड नसे. अडतीस जणांनी उत्तरच दिलं नाही. काहींनी शुभेच्छा दिल्या. बाकीच्यांनी एकच लिहिलं: विषय चांगला आहे, आमच्याकडे पैसा नाही, स्वतःची शिष्यवृत्ती घेऊन या. शिष्यवृत्ती देणाऱ्यांच्या नियमात पहिली अट असे, की ज्यांच्याकडे काम करणार त्या प्राध्यापकाचं संमतिपत्र आधी जोडा.

तिने हे बापाला सांगितलं तेव्हा बुधाजीने डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, “म्हंजे दोन्ही दारं आतून बंद, नि दोगंबी म्हणतात बाहेरून ढकल.”

एक न्यास होता, जो तीन वर्षांसाठी शिष्यवृत्ती देत असे. वयाची अट पस्तीस. समिधाला ऑगस्टमध्ये पस्तीस वर्षं पूर्ण होणार होती, आणि त्या वर्षीच्या अर्जाची शेवटची तारीख तीस एप्रिल, संध्याकाळी पाच. त्यानंतर त्या दाराशी तिला उभं राहता येणार नव्हतं. दुसऱ्या दारांची हालत तिने एकसष्ट वेळा पाहिली होती.

फेब्रुवारीत, उत्तर न दिलेल्या अडतीसांपैकी एकीचं, कर्नाटकातल्या एका विद्यापीठातल्या डॉ. शारदा हेब्बार यांचं उत्तर आलं. चार ओळींचं. ‘दोन वर्षांचे आकडे मला पुरेसे नाहीत. या वर्षीच्या चैत्रातले, भाजल्यानंतर पंधराव्या दिवसाचे, भाजलेल्या आणि कोऱ्या दोन्ही वाफ्यांचे नमुने तपासून एकवीस एप्रिलला ऑनलाइन मुलाखतीत दाखवा. पटले तर संमतिपत्र देईन.’

पटले तर. हे दोन शब्द समिधा दोन महिने उराशी धरून हिंडली.

मार्चच्या अठ्ठावीस तारखेला तिने आणि बुधाजीने चार वाफे भाजले. पंधरावा दिवस बारा एप्रिल. मधल्या काळात बुधाजीच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी सांगितलं, धूर नको, धूळ नको. म्हणून तो बायकोला, मैनाला घेऊन थोरल्या लेकीकडे, संजनाकडे, लोधिवलीला जाऊन राहिला. घरी समिधा एकटी. सकाळी खोपोलीला जायचं, संध्याकाळी परतायचं, अंधार पडायच्या आत वाफ्यांवर एक फेरी मारायची.

दहा तारखेला महाविद्यालयात परीक्षा होती. ती परतली तेव्हा उन्हं कलली होती. पायवाटेवरच तिला वास आला. राबाचा वास त्या दिवसांत सगळीकडेच असतो, म्हणून तिने मनावर घेतलं नाही. बांधावर चढली आणि थांबली.

आठच्या आठ वाफे काळे होते.

कोऱ्या चार वाफ्यांवरून अजून पातळ धूर निघत होता. काम नीट केलेलं होतं. कडेपर्यंत सारखी राख, कुठे करपलेलं नाही, कुठे कच्चं नाही. आणि तिच्या सोळा खुंट्या कोणीतरी उपटून, जळू नयेत म्हणून, माती पुसून बांधावर ओळीने मांडून ठेवल्या होत्या.

 पलीकडून सुंदरा कळशी घेऊन आली. चेहऱ्यावर काम उरकल्याचा आनंद.

“आलीस? बघितलंस का गं? सहा जणं होतो आमी. चंद्राबाईबी आली, पोपट आला. म्हटलं बुधाजीभावजींचा डोळा असा, तू एकटी, अर्ध रान भाजायचं राहिलंय. उद्या पाऊस येईल तवा काय करशील?”

“काकी, कोणी सांगितलं तुम्हाला?”

“सांगायचं काय त्यात?”

“मी सांगितलं होतं हात लावू नका! बाबा दोन वर्षं सांगतात! माझं तीन वर्षांचं काम होतं ते. राख केलीत तुम्ही त्याची.”

सुंदराची कळशी कमरेवरच राहिली. तेवढ्यात सहदेव शेतातून वर आला. त्याने शेवटचं वाक्य ऐकलं.

“काय केलं आमी?”

“वाटोळं केलंत, काका. विचारायचं तरी होतं. अडाण्यासारखं—”

शब्द तोंडातून गेला. परत घेता आला नाही.

सहदेव सावकाश म्हणाला, “व्हय. अडाणीच आमी. शिकलेल्यांनी रान पडीक ठेवायचं नि अडाण्यांनी भाजून द्यायचं. चल गं सुंदरे.”

ही चूक दुसऱ्या कुठल्या मुलखातल्या माणसांनी केली नसती. आमच्याकडे घरचा माणूस पडला की त्याचं राहिलेलं काम न विचारता करून टाकायची रीत आहे. विचारणं म्हणजे त्याला लाजवणं. दोन वर्षं बुधाजी स्वतः बांधावर उभा होता, म्हणून कोणी पुढे झालं नव्हतं. तो नाही, असं दिसलं आणि गावाची माया त्या चार वाफ्यांवर तुटून पडली.

दुसऱ्या दिवशी समिधा महाविद्यालयात गेली. प्रयोगशाळेत मनोज होता. तिच्यासारखाच तासिकेवरचा, रसायनशास्त्राचा. त्यानेही कधीकाळी पोस्टडॉकसाठी पत्रं लिहिली होती. आता लिहीत नव्हता. तिने सगळं सांगितलं. त्याने काचेच्या नळ्या पुसता पुसता ऐकून घेतलं.

“माती तर आहे ना?” तो म्हणाला.

“कसली माती?”

“बांधाची घे. ओढ्याकाठची घे. नाहीतर गेल्या दोन वर्षांचे कोऱ्या वाफ्यांचे आकडे आहेत, त्यांच्या मधले आकडे लिही. कर्नाटकातून कोण येतंय कोंडाण्याला खुंट्या मोजायला?”

“मनोज.”

“मी वाईट सांगत नाही. तुझे आकडे दोन वर्षं खरे होते, तिसऱ्या वर्षी गावाने घात केला. त्यात तुझा काय गुन्हा? उद्या बारा तारीख आहे. एकवीसला बाईंपुढे रिकाम्या हाताने बसणार आहेस का?”

 परतीच्या गाडीत तिने वही उघडली, आणि दोन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी ठेवून मधला आकडा किती येतो ते पेन्सिलीने काढून पाहिलं. सहज येत होता. इतका सहज की तिला घाम फुटला. पळसदरीचं धरण खिडकीतून गेलं तरी ती वहीकडे बघत होती. कर्जत आलं तेव्हा तिने पेन्सिलीचा आकडा खोडला. खोडल्यावरही कागदावर त्याचा वळ दिसत होता, म्हणून ते पानच फाडलं.

शेतावर जायचं तिचं मन नव्हतं, पण पाय सवयीने गेले. बांधावर बसून ती समोर बघत राहिली. आणि तेव्हा तिला दिसलं, की बांधापलीकडे सहदेवचे सहा वाफे आहेत, त्यांतले चार काळे आणि दोन तांबडे. तांबडे म्हणजे न भाजलेले. अकरा एप्रिल उलटत आला तरी सहदेवचे दोन वाफे कोरे? गावात पहिला राब त्याचा असतो.

ती उठून बांध ओलांडून गेली. तोच उतार, तीच माती. मध्ये फक्त दोन हात रुंद बांध. वाफ्याच्या कडेला ताज्या तोडलेल्या फांद्यांचे दोन भारे पडले होते, पानं अजून हिरवी. म्हणजे सहदेव उद्या सकाळी भाजणार होता.

मग तिला कळलं. तिच्या चार वाफ्यांवर जे जळलं, त्यातलं निम्मं सहदेवच्या वाट्याचं होतं. स्वतःचे दोन वाफे बाजूला ठेवून त्याने आपल्या फांद्या तिच्या रानावर घातल्या होत्या, आणि आता साठीच्या वयात पुन्हा डोंगर चढून नव्या तोडत होता. ओल्याच पेटवणार होता, कारण सुकायला वेळ उरला नव्हता.

सहदेवच्या अंगणात ती गेली तेव्हा दिवेलागण होत होती. सहदेव कोयत्याला धार लावत बसला होता. त्याने वर पाहिलं नाही. सुंदराने आतून पाट आणून दिला.

“काका, माझं चुकलं. तो शब्द मी बोलायला नको होता.”

दगडावर कोयता फिरत राहिला.

“आणि एक मागायला आलेय.”

“रागावून झालं, आता मागायचं?”

“तुमचे दोन वाफे उद्या भाजू नका. या सालापुरते कोरे राहू दे.”

कोयता थांबला. “ऐकलंस का गं सुंदरे? आपलं रान बी आजारी पाडायला आलीय.”

“मला एकवीस तारखेला कर्नाटकातल्या बाईंना न भाजलेली माती दाखवायचीय. माझी गेली. तुमच्याच दोन वाफ्यांची माती माझ्या मातीसारखी आहे. ती दाखवली नाही तर त्या पत्र देणार नाहीत. पत्र नाही तर अर्ज नाही. आणि पुढच्या साली माझं वय निघून गेलेलं असेल.”

“नि माझं रोप? ते पिवळं पडेल, तण माजेल. लावणीला काय, पेंढा लावू?”

“आमचे आठही वाफे भाजलेत या साली. तुम्हीच भाजलेत. निम्मी रोपं तुमची.”

सहदेवने कोयत्याची धार अंगठ्याने पाहिली. गावात तो पहिला राब लावणारा माणूस. त्याच्या रानात दोन तांबडे वाफे उघडे दिसणार, येणारा-जाणारा बोलणार. हे त्याच्या कपाळावर लिहिलेलं दिसत होतं. तो उठला, कोयता आढ्याला खोचला आणि आत जाऊ लागला.

“अवो, काय ते सांगा पोरीला,” सुंदरा म्हणाली. “तीन दिवसांत दोनदा डोंगर चढलात, गुडघा धरून बसलाय रात्री. नका भाजू. मीच शेण घालणार नाय बघा.”

“तू गप.”

“मी गप. पण शेण घालणार नाय.”

सहदेव दारात थांबला. पाठमोराच म्हणाला, “निम्मी नाय. तीन वाफ्यांची. नि लावायला तू येशील. मजूर नाय पाठवायचा.”

“येईन.”

“नि त्या पांढऱ्या खुंट्या माझ्या रानात ठोकायच्या नाय.”

बारा तारखेला सकाळी तिने माती घेतली. भाजलेल्या चार वाफ्यांची, परवा भाजलेल्या चारांची, आणि सहदेवच्या दोन तांबड्या वाफ्यांची. पुढचे आठ दिवस प्रयोगशाळेत काचेच्या बशांमध्ये जिवाणूंचे ठिपके उगवत गेले आणि ती मोजत गेली. मनोजने विचारलं, “कुठली माती ही?” तिने सांगितलं. तो म्हणाला, “हे तू बाईंना सांगणार? सगळं?” ती म्हणाली, “हो.” त्याने खांदे उडवले, पण रोज संध्याकाळी थांबून बशा धुऊन देऊ लागला.

मुलाखत लोधिवलीला संजनाच्या घरून द्यायची ठरली, कारण तिथे इंटरनेट चांगलं होतं. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप. खिडक्या लावल्या तरी जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचे ट्रक ऐकू येत होते. बुधाजीला काळा चष्मा लावून आतल्या खोलीत बसवलं होतं, आणि संजनाने बजावलं होतं, “बाबा, खोकायचं सुद्धा नाय.”

डॉ. हेब्बार पडद्यावर आल्या. पांढरे केस, आवाजात चढउतार नाही. समिधाने पहिल्या दोन मिनिटांत सगळं सांगून टाकलं: कोरे वाफे कसे गेले, बदली वाफे कुठले, त्यांचे भाजण्याच्या आधीचे नमुने नाहीत.

“म्हणजे तुलना कच्ची आहे,” बाई इंग्रजीत म्हणाल्या.

“हो.”

“त्या गृहस्थांचे दोन वाफे कोरे का राहिले होते?”

“त्यांनी त्यांच्या फांद्या आमच्या वाफ्यांवर घातल्या, म्हणून.”

बाई थोड्या पुढे झुकल्या. “म्हणजे एका शेतातला पाला दुसऱ्या शेतात जातो?”

“नेहमीच. ज्याला कमी पडतो त्याला दुसरा देतो.”

“मग गेल्या दोन वर्षांत तुमच्या वाफ्यांवर कोणाचा पाला होता? कोणत्या झाडाचा? ऐनाची राख आणि किंजळाची राख सारखी नसते. तुमच्या प्रबंधात नुसतं ‘पाला’ लिहिलंय.”

 तीन वर्षं समिधाने मातीचं तापमान लिहिलं, ओल लिहिली, धूर किती वाजता थांबला ते लिहिलं. पाला कोणाचा हे लिहिलं नव्हतं. लहानपणापासून तो असाच येताना पाहिला होता, म्हणून तो नोंदवायची गोष्ट आहे हे तिला कधी दिसलंच नाही. गावाने खुंट्या उपटल्या त्यापेक्षा ही चूक मोठी होती आणि ती तिची स्वतःची होती.

“नोंद नाही, मॅडम,” ती म्हणाली.

 बाहेर एक ट्रक गेला.

“काय इचारतायत गं त्या?” आतून बुधाजीचा आवाज आला.

संजना धावली. “बाबा, गप बसा!”

“अगं, पण चेहरा पडला असंल तिचा, आवाजावरनं कळतंय. काय इचारतायत?”

“कोण आहे?” डॉ. हेब्बारांनी विचारलं.

“माझे वडील. माफ करा. गेल्या दोन वर्षांत पाला कोणाचा होता, ते... बाबा, पाला कोणाचा होता असं विचारतायत.”

“हात्तिच्या! गेल्या सालचा ना?” भिंतीला धरत बुधाजी दारात आला. “पैल्या वाफ्यावर आपले ऐनाचे पाच भारे नि सहदेवाचे दोन किंजळाचे. दुसऱ्यावर सगळं ऐन, आपलंच. तिसऱ्यावर चंद्राबाईचे तीन, त्यात काटेसावर बी होती, मी बोललो बी तिला. चौथ्यावर पोपटाचे चार, ऐनाचे.”

समिधा इंग्रजीत सांगत गेली, तसतशा बाई लिहीत गेल्या. मग त्यांनी पेन थांबवलं. “यांना हे कसं आठवतं?”

समिधाने विचारलं. बुधाजीला प्रश्नच कळेना.

“अगं, परत द्यायचे असतात ना ते! जशाला तसा. किंजळ घेतला तर किंजळ. विसरलं तर पुढच्या साली बांधावर कोण उभं करील?”

“आणि त्याच्या आदल्या वर्षीचं?” बाई म्हणाल्या.

बुधाजी विचारात पडला. “त्यातले दोन वाफे सांगीन. बाकीचं मला नक्की नाय. ज्यांनी दिलं त्यांनाच इचारायला पायजे.”

डॉ. हेब्बारांनी काही क्षण वहीकडे पाहिलं. “प्रत्येक वाफा, प्रत्येक भारा, झाड आणि घर. लेखी. ज्यांनी सांगितलं त्यांच्या नावांसकट. आठवत नसेल तिथे आठवत नाही असं लिहा. सव्वीसपर्यंत. त्यानंतर मी ठरवेन.”

पडदा काळा झाला. ‘हो’ही नाही, ‘नाही’ही नाही.

चार दिवस समिधा कोंडाण्यात घरोघर फिरली. सहदेव आधी बिचकला. “नाव कशाला लिवतेस? केस-बिस तर नाय ना?” मग अशी माहिती सांगू लागला की वही पुरेना. एका वाफ्यावरून मात्र सुंदरा आणि चंद्राबाईची जुंपली. सुंदरा म्हणे किंजळ होता, चंद्राबाई म्हणे ऐन.

“मी डोक्यावरनं आणलाय तो भारा!”

“डोक्यावर आणलास म्हणून झाड कळलं व्हय तुला?”

समिधाला एकीचं खरं धरून मोकळं होता आलं असतं. तिने दोघींची म्हणणी दोघींच्या नावांनी लिहिली आणि सव्वीसला पळसदरीवरून पाठवून दिली.

सत्तावीसला उत्तर नाही. अठ्ठावीसला नाही. एकोणतीसला तिने फोन इतक्या वेळा पाहिला की त्याची बॅटरी दुपारीच उतरली. तीस तारखेला दोन ते पाच परीक्षेचं पर्यवेक्षण होतं. वर्गात फोन नेता येत नव्हता. तिने तो लॉक काढून मनोजच्या हातात दिला.

घड्याळात तीन वाजले. साडेतीन. मुलं लिहीत होती, पंखा कुरकुरत होता, आणि ती बाकांमधून फिरताना पावलं मोजत होती. चार वाजले तेव्हा तिने मनातल्या मनात अर्ज सोडून दिला. चार दहाला दारात मनोज उभा होता.

“जा,” तो म्हणाला. “आलंय. मी उभा राहतो इथे, साहेबांना सांगून आलोय.”

पत्र आलं होतं, पण त्याची फाइल पाच एमबीची, आणि अर्जाच्या पानावर दोनच चालत होती. लहान केली तर अक्षरं पुसट. पुन्हा केली. पान मध्येच बाहेर फेकायचं, पुन्हा आत जावं लागायचं. चार वाजून बावन्न मिनिटांनी पोच मिळाली. मग तिने पहिल्यांदा पत्र नीट वाचलं. संमती दोन ओळींत होती. खाली हाताने लिहिलं होतं: ‘पाल्याची देवघेव हाच आता मुख्य प्रश्न करा. आणि कोरे वाफे पुन्हा कोणी भाजले तर त्याच दिवशी कळवा.’

निकाल लागायला जुलै उजाडला. लावणीचे दिवस होते. सहदेवच्या दोन वाफ्यांतली रोपं खरंच पिवळी, बोटभर उठली होती, आणि तो ते येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवत होता. बुधाजीच्या तीन वाफ्यांतली रोपं जुड्या बांधून त्याच्या खाचरात आली होती, आणि ठरल्याप्रमाणे लावायला समिधा आली होती. गुडघाभर चिखलात ओणवी असताना प्लास्टिकच्या पिशवीतला फोन वाजला. त्या कोपऱ्यात कधीमधी रेंज येते.

तिने हात साडीला पुसले आणि वाचलं. निवड झाली होती. तीनऐवजी दोन वर्षांसाठी. तिसरं वर्ष काम बघून. ऑगस्टच्या पहिल्या तारखेला हजर व्हायचं होतं, पस्तिसावं पूर्ण व्हायच्या अकरा दिवस आधी. तिने पुन्हा वाचलं. फोन पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली.

“काय गं?” बांधावरून सहदेव ओरडला.

“झालं काका. मिळाली जागा.”

 सहदेवने डोक्यावरचं इरलं सारखं केलं.

“बरं झालं,” तो म्हणाला. “मंग अजून दोन ओळी राहिल्यात. त्या लावून जा.”